माशांसाठी फ्रिज

एप्रिलात आमच्या खराडीच्या फ्लॅटमध्ये माणसं घामाघूम झाली, तोवर मी निवांत होतो. मग हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जोकर मासे धापा टाकू लागले आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. इंजिनिअर म्हणजे सॉफ्टवेअरचा. पाना कधी हातात धरलेला नव्हता.

टाकीचं पाणी गार करणारा चिलर बाजारात तयार मिळतो. पण तो विकत घ्यायला डोकं लागत नाही, असं मी बायकोला सुनावलं.

"म्हणूनच म्हणते, तू विकतच घे," ती म्हणाली.

मी येरवड्यातून एक जुना फ्रिज आणला. पंपाने टाकीतलं पाणी नळीत सोडायचं, फ्रिजमधल्या नळीच्या वेटोळ्यात ते गार व्हायचं आणि परत टाकीत यायचं, इतकं सोपं होतं. नळी आत घालायला बाजूने ड्रिल मारलं. फुस्स! गॅस गेला, त्याबरोबर फ्रिजही. दुसऱ्या फ्रिजच्या वेळी मी शहाणा झालो. नळ्या दाराला भोक पाडून आत घेतल्या.

टाकी अर्ध्या अंशाने गार झाली. फ्रिजच्या पाठीमागच्या गरम हवेने हॉलची मात्र भट्टी झाली.

"म्हणजे हॉल तापवून आपण टाकी गार करतोय, आणि तापलेला हॉल टाकी तापवतोय," बायको म्हणाली. "छान आहे."

"पहिलं व्हर्जन असंच असतं," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात नागपूरहून सासूबाई आल्या. उन्हातून आलेल्या, समोर फ्रिज दिसला. गार पाण्यासाठी त्यांनी दार जोरात ओढलं. दाराबरोबर नळ्या आल्या, वेटोळं निखळलं आणि पंप इमानेइतबारे हॉलमध्ये समुद्र ओतू लागला. मी पंपाचं बटण शोधत होतो.

"जावईबापू," तोंड पुसत सासूबाई म्हणाल्या, "हे तर खारट आहे ना!"

टाकीत वीतभर पाणी उरलं. आम्ही घाईघाईने मासे बादलीत काढले आणि घरातला एकुलता एक एसी असलेल्या बेडरूममध्ये नेले. हलकी झालेली टाकीही मागोमाग तिथेच नेऊन भरली. एसी दिवसभर चालू ठेवल्यावर पाणी हवं तेवढं गार राहिलं. माशांवर लक्ष ठेवायला सासूबाई तिथेच मुक्कामाला गेल्या, आईला सोबत म्हणून बायकोही.

ऑफिसातून आल्यावर मी दार उघडून डोकावलो. दोघी माझ्या पलंगावर पाय पसरून मासे बघत होत्या.

"दार लावा ना, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "मासोळ्यांना गरम होऊन राहिलं."

मी दार लावलं आणि हॉलमध्ये पंख्याखाली चटई टाकली. सासूबाई आठवड्यासाठी आल्या होत्या, त्या पाऊस सुरू झाल्यावरच गेल्या. मासे उत्तम आहेत.