पाण्याचा रकाना

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, शंभरदा सांगितली आहे, पण खोटी. खरी सांगायची ही पहिलीच वेळ. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हे एका परीने बरंच आहे. ओळखीच्या माणसांपुढे माझी जीभ लगेच भाषणावर येते.

भाषण हाच माझा पेशा होता ना! अनाथ मुलांना आश्रमात ठेवण्याऐवजी चांगल्या घरांत सांभाळायला द्यायचं, असं एक काम आमच्याकडे अमरावतीला त्या वेळी नुकतंच सुरू झालं होतं. घर पाहायचं, माणसं पारखायची, मूल तिथे पोचवायचं आणि पुढे दर महिन्याला जाऊन ते कसं आहे ते बघायचं. हे करणाऱ्या बायकांना सेविका म्हणत. मी आधी सेविका होते आणि नंतर अकोल्याला नव्या सेविकांना शिकवू लागले. तिथे माझी एक गोष्ट फार गाजली होती. भर उन्हात मी एका मुलीला घेऊन एका बौद्ध कुटुंबाच्या घरी गेले, स्वतः मागून पाणी प्याले, आणि त्या घोटभर पाण्याने ते घर माझ्याशी बोलायला लागलं — अशी ती गोष्ट. सांगताना माझा आवाज बरोबर जागच्या जागी भरून यायचा. मुली डोळे पुसायच्या.

मी ते पाणी प्याले नव्हते.

एवढंच असतं तर तुमचा वेळ घेतला नसता. एवढंच नाही.

माझं स्वतःचं प्रशिक्षण अमरावतीला झालं, तीन महिन्यांचं. शिकवणाऱ्या बाई वयस्कर, कडक, खादीची जाडी पातळं नेसणाऱ्या. त्यांचा पहिला धडा पाण्याचा. घरात शिरलात की आधी पाणी प्या, मग प्रश्न विचारा. ज्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही, त्या घराबद्दल लिहायचा तुम्हाला हक्क नाही — हे त्या रोज म्हणायच्या. परीक्षेत यावरच प्रश्न आला. मी तीन पानं लिहिली आणि वर्गात पहिली आले. कागदावर लिहायला काय जातं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आम्हाला एक छापील फॉर्म भरावा लागे. त्यात पाण्याचा रकाना होता. अकोल्याकडचा खारपाणपट्टा तुम्हाला माहीत असेल. तिथलं पाणी तोंडात धरवत नाही, पोरांची पोटं बिघडतात. म्हणून नियमच होता, पाणी नापास तर घर नापास. पुढे चौकशी नाही, दुसरी भेट नाही. सेविकेचा शब्द शेवटचा.

वत्सला तेव्हा नऊ वर्षांची होती. आश्रमातली सगळ्यांत गप्प मुलगी. तिच्यासाठी नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यातून अर्ज आला होता. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर, बायको सुभद्राबाई, मूलबाळ नाही. धर्मांतराला दीड-दोन वर्षं झाली असतील. घर आणि मूल एकमेकांना दिसावं म्हणून मुलीला सोबत न्यायची आमची पद्धत होती. वैशाखातले दिवस. एस.टी.तून उतरून तीन मैल चालायचं. माझ्याजवळ पितळेचा फिरकीचा तांब्या होता, घरून भरून घेतलेला. तो मी वत्सलाच्या हातात दिला होता.

तांब्या कशाला घेतला होता? वाटेत तहान लागते म्हणून — असं मी स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्या घरी जाताना मी तो कधी नेत नसे. हे सुद्धा सांगून टाकते.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाचं चित्र, फळीवर मास्तरांची पुस्तकं. सुभद्राबाईंनी दोन पेले आणले, चिंचेने घासून लखलखीत केलेले. "घ्या बाई, पाणी घ्या. ऊन लय तापून राह्यलं. आमची विहीर घरामागंच हाये, गोडं पाणी हाये." विहिरीबद्दल सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

मी म्हटलं, मला तहान नाही.

तीन मैल चालून आलेली बाई, ओठ सुकलेले — आणि तहान नाही! वत्सलाने आपला पेला संपवला, मग माझाही. सुभद्राबाईंनी तिला जवळ घेतलं, केस सोडले, तेल लावलं, वेणी घालायला बसल्या. "पोरीले काय आवडते वो खायले?" त्यांनी मला विचारलं. मला ते माहीत नव्हतं. वत्सलाच म्हणाली, "भाकर अन् गूळ." आश्रमात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

थोड्या वेळाने मला राहवेना. विहीर बघते असं सांगून मी मागच्या दारी गेले, लिंबाच्या आड उभी राहिले, आणि तांब्याची फिरकी सोडून घटाघटा पाणी प्याले. वळून पाहिलं तर दारात वत्सला होती. एका बाजूची वेणी झालेली, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. तिच्या मागे सुभद्राबाई, हातात फणी. त्या काही रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आमचं पाणी नाई चालत तं राहू द्या बाई. पण पोरीले येऊ द्या."

विहीर मी पाहिली होती. पाणी नितळ होतं, वर होतं, दोर चार हातही लागत नव्हता.

परत आल्यावर मी फॉर्म भरला. माणसं चांगली. स्वच्छता चांगली. मुलीशी वागणूक चांगली. पाण्याच्या रकान्यात लिहिलं — 'विहीर दूर, पाणी खारट. असमाधानकारक.'

का लिहिलं? घर पास झालं असतं तर दर महिन्याला तिथे जावं लागलं असतं. दर महिन्याला तो पेला समोर आला असता. कधीतरी प्यावं लागलं असतं, आणि मी ज्या भावाच्या घरी राहत होते तिथे ते कळलं असतं. की भावाचं नुसतं नाव पुढे करते आहे? मला स्वतःलाच ते पाणी नको होतं का? इतक्या वर्षांनी उत्तर येतं ते हेच — हो, मलाच नको होतं.

पाण्याचं कारण देऊन नकार गेला, आणि महिन्याभराने मास्तर अमरावतीला कार्यालयात आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात बूच लावलेली काचेची बाटली. साहेब दौऱ्यावर होते. मास्तर माझ्यापुढे उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "विहिरीचं पाणी आणलं, बाई. काहीतरी चूक झाली असंल लिहिण्यात. साहेबाले चाखून पाहू द्या." चूक कुणाची, ते त्यांना ठाऊक होतं. तरी ते 'काहीतरी चूक' म्हणाले. मी बाटली ठेवून घेतली, साहेबांना देईन म्हणाले. ते गेल्यावर मागच्या मेंदीच्या कुंपणात ओतून दिली. मास्तरांनी पुढे दोनदा पत्र पाठवलं. मग पत्रं थांबली.

वत्सला आश्रमातच राहिली. दुसरं घर तिला मिळालं नाही. नऊ वर्षांची गप्प मुलगी कोण मागणार? पहिले काही दिवस ती एकच वेणी घालायची म्हणे, दुसऱ्या बाजूला कुणाला हात लावू देत नसे. हे मला आश्रमातल्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, हसत हसत. मीही हसले.

दहा-अकरा वर्षांनी अकोल्याच्या वर्गात हजेरी घेताना तिचं नाव आलं. आश्रमातल्या मॅट्रिक झालेल्या मुलींना या कामावर घ्यायचं ठरलं होतं. "हजर," ती म्हणाली. मी ओळखलं. तिने ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

त्या दिवशी मी पाण्याचा धडा भराभर उरकत होते. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची ती गोष्ट सांगा ना, मागच्या तुकडीतल्या मुली सांगत होत्या." टाळता आलं असतं. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. आणि खरं सांगताही आलं असतं — ती पुढ्यातच बसली होती. मी गोष्ट सांगितली. जशी नेहमी सांगत होते तशीच. आवाज सुद्धा जागच्या जागी भरून आला.

गोष्ट संपल्यावर वत्सला उभी राहिली. तिने शांतपणे विचारलं, "मंग त्या पोरीचं काय झालं, बाई?"

मी तिच्याकडे पाहिलं. दोन वेण्या, नीट बांधलेल्या.

"त्याच घरी वाढली," मी म्हटलं. "सुखात आहे."

ती खाली बसली आणि लिहून घेऊ लागली.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला आल्या. तिच्या वहीत अक्षर स्वच्छ होतं, कुठे खाडाखोड नाही. शेवटची ओळ होती — 'मुलगी त्याच घरी वाढली. सुखात आहे.' मी शेजारी लाल शाईने बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.