उंदरांपासून मोजलेले दिवस

सासरे गावचे पाटील, पण त्यांना लिहिता येत नव्हते. मी चौथी शिकलेली, म्हणून मेलेल्यांच्या नोंदीचे बुक आत माझ्याकडे येई. प्लेगच्या साली मी नावापुढे आणखी एक गोष्ट लिहू लागले, त्या घरात उंदीर कधी पडले ती. चार आळ्या झाल्यावर दिसले की उंदीर पडल्यापासून दहाव्या दिवसाच्या आसपास माणूस तापाने पडतो, आणि मग शेजारच्या आळीची पाळी येते. सासऱ्यांपुढे बोलायची माझी छाती नव्हती. मी सासूबाईंना सांगितले, त्यांनी त्यांना. सासऱ्यांनी पुढच्या दोन आळ्या आधीच मळ्यात हलवल्या. तिथले कोणी दगावले नाही.

मग मला मुलगी झाली. हे अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होते. बारा दिवस अंधाऱ्या खोलीत राहायचे, बाराव्याला न्हाऊन मळ्यात जायचे. तिसऱ्या दिवशी शेजारी उंदीर पडल्याचे ऐकले. मी बोटांवर मोजले. उंदरांचा दहावा दिवस माझ्या तेराव्याला येत होता; एक दिवस हाती उरत होता.

सातव्या दिवशी शेगडी ठेवताना सासूबाई बोलून गेल्या, "आपल्या कोठीत तं तू बाळंत झाली त्याच दिशी तीन पडले होते. म्या चिमट्यानं फेकले."

"मले सांगितलं काहून नाही, आत्याबाई?"

"सोयरात असं तोंडातून काढतेत काय व?"

म्हणजे दहावा दिवस न्हाण्याच्या आधीच येत होता. आजच निघू, असा निरोप मी पाठवला. सासरे दाराबाहेरून म्हणाले, "बारा दिवसाआधी बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही. तुयी मोजणी काय बरम्यानं लेहून देल्ली?"

मी पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले. "याच मोजणीवर तुमी दोन आळ्या हलवल्या, मामाजी."

"ते दुसऱ्याईचे घरं होते."

बाहेरून कडी लागली. मी लेकराला पोटाशी धरून भिंतीपासून दूर बसून राहिले.

नवव्या दिवशी मुलीला अंघोळ घालताना सासूबाईंना ताप भरला. त्यांच्या काखेत गाठ होती. तेव्हा सासऱ्यांनी स्वतः गाडी जुंपली, माझ्यासाठी. सासूबाई गाडीत चढल्या नाहीत, ओट्यावरच बसल्या होत्या.

"या तापातून कोणी उठते काय व? बुक तं तुयापाशी हाय."

बुकात फक्त मेलेले होते. उठलेल्यांसाठी त्यात रकानाच नव्हता.

"उठतेत," मी म्हणाले.

मळ्यात आल्याच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी बुक माझ्यापुढे ठेवले आणि तोंड फिरवून उभे राहिले.