हरिबा, चांदरी आणि शांत समुद्र

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, गाडीरस्ता संपतो तिथून दीड तास चढलं की सात घरांची एक वाडी लागते. त्या वाडीतून समुद्र दिसत नाही. पश्चिमेला डोंगर दिसतात, त्यांच्यामागं आणखी डोंगर, आणि तिन्हीसांजेला त्या सगळ्यांच्या मागं एक लाल रेघ. तरीही नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला या वाडीला रोज संध्याकाळी समुद्राची खबर मिळायची. ती द्यायचा हरिबा.

हरिबानं समुद्र पाहिलेला नव्हता. पन्नाशी उलटली ती म्हशी राखण्यात आणि नाचणी-वरीत. लांबात लांब गेला तो महाडला, तेही दाढ काढायला. पण थोरल्या पोरानं, नीलेशनं, मुंबईहून रेडिओ आणून दिला, "आबा, टाइमपास होईल तुमचा," असं म्हणून, आणि त्या रेडिओवर बातम्यांच्या शेपटाला हवामान यायचं. बातम्या चालू असताना हरिबा विडी ओढी, कुणाशी तरी बोले, म्हशीला हाळी घाली. हवामान सुरू झालं की हात वर करी, आणि ओसरीवरचे सगळे गप्प.

मग सेल वाचवायला रेडिओ बंद व्हायचा. हरिबा घसा साफ करायचा, मान ताठ करायचा आणि पुन्हा सगळं म्हणून दाखवायचा.

"येत्या अठ्ठेचाळीस तासांत कोकण किनारपट्टीवर हवामान कोरडे राहील. समुद्र शांत राहील. मच्छीमारांसाठी कोणताही इशारा नाही."

एरवी हाय-नाय करणारा माणूस. पण हे म्हणताना त्याचा 'ळ' गुळगुळीत व्हायचा, 'नाही' सबंध उमटायचं, आणि 'राहील' तर तो असा हवेत सोडून द्यायचा की खाली यायला वेळ लागावा. डोळे मिटून ऐकलं तर रेडिओ पुन्हा लागला असंच वाटे.

"हितं कोन मच्छीमार हाय?" शेजारचा भागोजी विचारायचा.

"कोन नाय."

"मग इशारा नाय तो कुनाला नाय?"

"तुला नाय," हरिबा म्हणायचा. "तू निवांत झोप."

आतून गोदूबाई, हरिबाची बायको, भाकरी थापता थापता बोलायची, "गोठ्याचं कूड पडलंय ते दिसत नाय, नि समुद्राची काळजी."

त्या वर्षी थंडी पडली आणि समुद्र जो शांत झाला तो शांतच राहिला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले पंधरा दिवस. वाडी कंटाळली. "आज पन शांत?" म्हणून पोरं उठून जायला लागली. हरिबा आवाज बदलून बघे. एक दिवस बाईच्या आवाजात शांत, एक दिवस सर्दी झालेल्या माणसाच्या आवाजात शांत. पण बातमी तीच.

याच दिवसांत चांदरीला खरूज झाली. चांदरी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. तिची आई कड्यावरून पडून गेली तेव्हा चांदरी पाच दिवसांची होती. गोदूबाईनं तिला बोट चोखायला देऊन, पेज पाजून वाढवली. आता ती पाच महिन्यांची गाभण होती आणि रात्रंदिवस गोठ्याच्या मेढीला अंग घासत होती. मानेवरचे, पाठीवरचे केस गेले, कातडं सोललं, चारा सुटत चालला.

हरिबानं खाली जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना वर आणलं. डॉक्टर महाडचे, बोलणं एकदम इस्त्रीचं. त्यांनी इंजेक्शन दिलं, मलम दिलं. "हे आपण दिवसातून दोनदा लावायचं बरं का. आणि गोठा कोरडा ठेवायचा. कळलं ना आपल्याला?" ते उताराला लागल्यावर हरिबानं अगदी तसंच चांदरीला सांगितलं, "कळलं ना आपल्याला?" गोदूबाईला हसू आलं, पण डोळे पुसून ती पुन्हा मलम लावायला बसली. आठ दिवस झाले, फरक दिसेना.

मग बाजाराच्या दिवशी महिपत भेटला. महिपत श्रीवर्धनचा, टेम्पोतून सुकी मासळी घेऊन पोलादपूरच्या बाजाराला यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडं जनावराला खरूज झाली का समुद्रात घालतात. दोन-तीन तास भिजवायचं, दोन-तीन दिवस. माझा टेम्पो रिकामाच जातो परत. घाला म्हस टेम्पोत."

हरिबानं विचार केला. घरी येऊन संध्याकाळी हवामान ऐकलं. समुद्र शांत. दुसऱ्या दिवशी ऐकलं, शांत. आठवडाभर तो रोज ऐकत राहिला, आणि शेवटी त्यानं दिवस ठरवला. पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पौषातली पुनव येत होती. आंघोळीला पुनवेसारखा दिवस नाही. आकाश कोरडं, समुद्र शांत, दिवस चांगला. आणखी काय पाहिजे?

गोदूबाईनं चांदरीच्या गळ्यात नवं दावं बांधलं. मग हरिबाकडं न बघता म्हणाली, "न्यायची तर न्या. पन तिला घेऊन या. नुसते तुमी आलात तर मी काय म्हनेन ते मला म्हाइत नाय."

पोलादपुरात टेम्पोची पाठ एका उंच बांधाला लावली आणि चांदरी बांधावरून सरळ आत चढली. महाड, गोरेगाव, म्हसळा, सगळा रस्ता हरिबा मागं तिच्यापाशी उभा होता. बोंबलाच्या रिकाम्या पाट्यांत म्हैस आणि माणूस. सांज पडता पडता गाडी श्रीवर्धनला पोचली. महिपतचं घर सुरूच्या झाडांमागं, नारळाच्या वाडीत. त्याच्या आईनं, मंजुळाबाईनं, म्हशीकडं बघून एवढंच म्हटलं, "डोंगरातली दिसतेय. आमच्या म्हशीपरीस नाक वर हाय."

सकाळी हरिबा चांदरीला घेऊन सुरूंमधून बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला. एवढी वाळू त्यानं कधी पाहिली नव्हती. ओली, सपाट, चकचकीत वाळू, आणि ती संपते तिथं पाणी. लाट म्हणाल तर वीतभर. यायची, पाय पुसल्यासारखी मागं जायची. वारा नाही, आवाज नाही. एक होडी वाळूत कलती होऊन पडलेली. रेडिओनं सांगितलं होतं ते अक्षर न अक्षर खरं होतं, याचा हरिबाला मनापासून आनंद झाला. जणू त्यानंच हे करवून घेतलं होतं.

त्यानं चांदरीला पाण्यात नेलं. खारं पाणी सोललेल्या कातड्याला झोंबलं तशी ती फुरफुरली, मग नारळाच्या सोडणानं घासल्यावर तिला गोड वाटायला लागलं, आणि ती खुशाल बसली. पण दोन-तीन तास भिजवायची होती, आणि हरिबाच्या पोटात काही नव्हतं.

आता नदीवर हरिबाचं एक ठरलेलं होतं. म्हैस डुंबायला घातली की पाण्याच्या कडेला दगडानं खुंटा ठोकायचा, दावं आखूड ठेवायचं, म्हणजे ती खोलात जात नाही आणि कुणाच्या वालाच्या शेतातही घुसत नाही. मग आपण सावलीला बसायचं. वरच्या डोंगरावर आभाळ काळं झालं तरच नदी फुगते. नाही तर खुंटा ठोकला तिथं बोटभरही जास्त पाणी चढत नाही. जन्मभर असंच चाललेलं. त्यानं वर पाहिलं. आभाळात ढगाचं नावही नव्हतं. खुंटा ठोकला, दावं आखूड केलं आणि तो मंजुळाबाईकडं भाकरी खायला गेला.

भाकरी झाली. चहा झाला. मंजुळाबाई मासळी निवडत होती आणि हरिबा तिला डॉक्टर कसे बोलतात ते करून दाखवत होता. ती हसून हसून बेजार झाली. मग सहज म्हणाली, "म्हस कुठं हाय तुझी?"

"बांधलीय."

"कुठं?"

"पान्याच्या कडेला."

"कुठल्या पान्याच्या?"

हरिबाला गंमत वाटली. "तुमच्यात काय दोन पानी हायत?"

मंजुळाबाईचा हात थांबला. "कवा बांधलीस?"

"दिस कासराभर वर आला तवा."

"आज पुनव हाय, भावा. उधानाची भरती."

"समुद्र शांत हाय बाय," हरिबानं तिला समजावलं. "रेडिओवर सांगितलंय. इशारा नाय."

"शांतच हाय," मंजुळाबाई उठत म्हणाली. "शांतपनी वर येतो. पळ."

सुरूंमधून बाहेर येईपर्यंत हरिबाला खरं वाटलं नाही. आणि बाहेर आल्यावर तर त्याहून नाही. सकाळची वाळू नव्हती. होडी सरळ उभी राहून डुलत होती. पाणी तेवढंच शांत, लाट तीच वीतभर, आकाश तेच कोरडं. फक्त समुद्र शंभर पावलं इकडं येऊन उभा होता. आणि पार आत, जिथं खुंटा ठोकला होता तिथं, दोन शिंगं आणि एक नाकपुडी.

आखूड दावं. हरिबाला गोदूबाई दिसली, बोट चोखायला देणारी. घोंगडी, टोपी, सगळं वाळूवर टाकून तो धावला.

कंबरेएवढं पाणी, छातीएवढं, गळ्याएवढं. डोहात पोहलेला माणूस, पण ह्या पाण्याचा पहिलाच घोट नाकातोंडात गेला आणि तो ठसकला. मिठाचं पाणी आहे हे त्याला ठाऊक होतं. एवढं मीठ असेल हे नव्हतं. चांदरी मान ताणून श्वास घेत होती. मागून मंजुळाबाई साडी खोचून पाण्यात उतरली होती. ती ओरडली, "दावं सोडत बसू नको. गाठ सुटायची नाय. खुंटा हलव."

हरिबानं बुडी मारली. हातानं चाचपत दाव्यावरून खाली गेला, खुंटा धरला आणि उपटायला लागला. हलेना. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा गेला. या वेळी त्यानं ओढलं नाही. गोठ्यातला खुंटा काढताना करतात तसं त्याला चारी अंगांनी गोल हलवलं. एकदा, दोनदा. ओली वाळू सैल झाली आणि खुंटा दह्यातली रवी निघावी तसा वर आला.

चांदरीनं डोकं वर काढलं, एक मोठा फुसकारा टाकला आणि किनाऱ्याकडं वळली. हरिबाला तिचं शेपूट दिसलं. त्यानं ते धरलं.

"सोडू नको रे शेपूट," मंजुळाबाई ओरडत होती.

सोडतो कशाला. म्हैस डोंगराची असली तरी म्हैसच. पाण्यात तिला कुणी शिकवावं लागत नाही. नाक वर करून, कुठंही घाई न करता तिनं त्याला ओढत उथळात आणलं आणि उभी राहिली. खुंटा गळ्याशी लोंबत होता.

हरिबा वाळूवर बसला. छाती भात्यासारखी चाललेली. त्यानं चांदरीच्या मानेवर हात फिरवला, पोटाखाली हात लावून बघितला, डोळे बघितले. ती रवंथ करायला लागली होती. तेव्हा कुठं त्याला हसू आलं, आणि हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता पुन्हा हसू.

"रेडिओवाल्याला विचारायचंस," मंजुळाबाई पदर पिळत म्हणाली, "खुंटा कुठं ठोकू म्हनून."

"हे पानी असं रोज चढतं?"

"रोज. दोनदा चढतं, दोनदा सुकती लागून मागं जातं. पुनवेला लय."

"पावसाबिगर?"

"पावसाबिगर."

हरिबानं नाकातलं खारं पाणी शिंकरलं. "मग रेडिओवर सांगत का नाय?"

"सकाळी दिवस उगवनार म्हनून सांगतो का तो?"

पुढचे दोन दिवस हरिबानं चांदरीला मंजुळाबाईनं सांगितलेल्या वेळी, पाणी मागं जाताना, घासून घासून आंघोळ घातली. खुंटा ठोकलाच नाही. दावं हातात धरून तो तिच्याबरोबर पाण्यात बसून राहायचा, आणि किनाऱ्यावरून जाणारे लोक म्हणायचे, खरूज दोघांपैकी कुणाला झालीय?

परत येताना महिपत महाडला मासळी टाकायला निघाला होता. त्यानं वाट वाकडी करून दोघांना पोलादपूरला सोडलं. तिथून चढ. वाडीच्या अलीकडच्या वळणावर गोदूबाई उभी होती. कधीपासून उभी होती ते तिनं सांगितलं नाही. तिनं आधी चांदरीला बघितलं, शिंगांपासून खुरापर्यंत. सोललेल्या जागी कातडं सुकून खपली धरत होती. ते समुद्रानं झालं की डॉक्टरांचं इंजेक्शन उशिरा लागू पडलं, यावर वाडी पुढं कित्येक महिने भांडली. मग तिची बोटं मानेवरच्या ताज्या वळावर थांबली.

"हे कशाचं?"

हरिबानं खोटं बोलायचं ठरवलं होतं, वाटेत दोनदा म्हणूनही बघितलं होतं. पण तिच्यापुढं जमलं नाही. खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. खुंटा, चहा, मंजुळाबाई, पाण्यातली बुडी. नक्कल कुणाची केली नाही.

"बरं तुमाला पवता येतं," गोदूबाई म्हणाली.

"मी कुठं पवलो गो. शेपूट धरलं. हिनंच आनला मला."

गोदूबाईनं एक लांब श्वास सोडला. चार दिवस आत धरून ठेवल्यासारखा. मग त्याच्याकडं पाठ करून तिनं चांदरीचं कपाळ दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "बरं केलंस गो बाय. घेऊन आलीस ते."