दोन सूत बारीक

आमच्या सवितावहिनीला लोधीपुऱ्यातल्या लाकडाच्या वखारीत अकरा वर्षं झाली. सुतार माप सांगणार, ती चिठ्ठीवर उतरवणार आणि चिठ्ठीप्रमाणे करवत चालणार. एका इंचात आठ सूत, हे ती आम्हाला जेवतानाही ऐकवते. पोळी जाड झाली की ‘दोन सूत जास्त’ म्हणून मी, तिचा धाकटा दीर, तिला चिडवतो.

मंगळवारी दुपारी तिने मला तातडीने वखारीत बोलावलं, तेव्हा मात्र चिडवायची हिंमत झाली नाही. तिच्यासमोर एकाच इंजिनीअरचे दोन कागद होते. पहिला महिन्याभरापूर्वीचा, चांदनी गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या माळ्याचा. आठ तुळया, ‘५×३ एफ, १२ एफ’. वखारीत एफ म्हणजे फूट. वहिनीला वाटलं, इंजिनीअरने चुकून फूट दोनदा लिहिलं. तिने पाच बाय तीन इंच कापून, वर रंदा मारून माल पाठवला. रंदा प्रत्येक बाजूचं एक सूत खातो, म्हणजे तुळई उंचीत दोन सूत गेली, रुंदीतही दोन सूत गेली. आजच्या कागदाच्या तळाला खुलासा होता: आकारापुढचा एफ म्हणजे फिनिश. म्हणजे रंदा मारल्यावर उरायला हवं ते माप.

“उमेश, आज चार वाजता त्या माळ्यावर बेसनाची पोती चढणार आहेत,” ती म्हणाली. “खाली पंधरा बायका चिप्ससाठी केळी सोलत बसतात.”

माळा बसवणाऱ्या शालिग्राम मिस्त्रीचा फोन बंद होता. गटाच्या मालतीबाई उचलत नव्हत्या. साडेतीन वाजले होते. मी गाडीला किक मारली.

रस्त्यात मी शहाणपणा केला. म्हटलं, चूक कशाला सांगतेस, इंजिनीअरने थांबवायला सांगितलंय म्हण. ती मागून म्हणाली, “गाडी चालव.” मला राग आला, आणि भीतीही वाटत होती.

पोहोचलो तेव्हा टेम्पो आधीच आलेला. चौदा पोती वर गेली होती, पंधरावं शिडीवर होतं. खाली बायका हसतखिदळत सोलत होत्या.

“पहले सगळ्या बाहेर निघा,” वहिनी म्हणाली. कुणी हललं नाही. मालतीबाई म्हणाल्या, “अगं चाय तर घे, बैठ.”

वहिनीने एका तुळईच्या खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली आणि टोकं दोन्हीकडे तुळईच्या खालच्या कडेला धरायला लावली. मधोमध तुळईने दोरी बोटभर खाली दाबली होती. नवी तुळई इतकी वाकायला नको, हे मलाही कळलं. बायकांचं हसणं थांबलं.

“माझी चूक आहे,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “माप मी लिहिलं. निघा, बाई.”

त्या निघाल्या. हमालांनी एकेक पोतं उतरवलं. तेवढ्यात लाकूड दोनदा कुरकुरलं. निरोप मिळून शालिग्राम मिस्त्री घरून धावत आला. साठीचा माणूस, याच धंद्यात केस पिकलेले. त्याने वर बघितलं, मग मधोमध खांब आणि आडवी तुळई घालून देतो म्हणाला.

वहिनीने विचारलं, “काका, लाकूड बारीक आहे हे तुमच्या हाताला लागलं नाही?”

“लागलं ना. उचललं तवाच लागलं,” मिस्त्री म्हणाला. “पण चिठ्ठी तुझी होती, पोरी. तू लिहेल मापाला मी टेप लावत नाही. बाकी सगळ्यांच्या लावतो.”

सगळ्यांसमोर चूक कबूल करताना न रडलेली वहिनी तिथेच पायरीवर बसून रडली. मला वाटलं, सुटकेचं रडू असेल. पदराने तोंड पुसून ती मिस्त्रीला म्हणाली, “लावत जा, काका. माझ्या मापाला पहले लावत जा.”