राणीच्या लग्नातल्या अटी

आम्ही न्यूझीलंडला निघालो त्या दुपारी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वर्षांच्या इराला कडेवरून खाली ठेवायला बराच वेळ लावला. पुण्यात शाळेत इतिहास शिकवताना आख्खा वर्ग गप्प करणारा हा माणूस गाडीपाशी आमच्या बॅगांचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळत राहिला. शेवटी एवढंच म्हणाले, "पोरीला मराठीत बोलती ठेव."

ते काही मला जमलं नाही. अप्पर हट या आमच्या नव्या गावात रुळता रुळता इराकडे जँडल्स, म्हणजे रबरी चपला आल्या, डेअरीतलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातलं आइस्क्रीम आलं, 'मस्त'च्या जागी 'स्वीट अ‍ॅज' आलं, आणि मराठी फक्त कानात उरली. रविवारी व्हिडिओ कॉलवर नाना विचारायचे, "जेवलीस का?" ती "येस, नाना" म्हणून पळायची. उरलेला सगळा कॉल मी दोघांची दुभाषी. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हे सांगायला नको, आणि तिकडच्यांना सांगवत नाही. एक दिवस हे दोघं एकमेकांना परके होतील, अशी मला फार भीती वाटायची.

मग २०१९मध्ये इराला शाळेत प्रोजेक्ट मिळाला: मध्ययुगाच्या शेवटी स्पेनची राजसत्ता कशी वाढली. नानांना सांगितलं मात्र, स्वारी एकदम खुलली. कॅस्टीलची राजकन्या, अ‍ॅरॅगॉनचा राजपुत्र. दोघांचं लग्न ठरलं, पण तिच्या राजा-भावाचा विरोध, म्हणून नवरदेव खेचरं सांभाळणाऱ्या नोकराच्या वेषात आला. नानांनी सगळं आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीसारखं रंगवलं, याद्यांसकट. "मुलानं लिहून दिलं, मी तुझ्याच राज्यात राहीन. आणि तुझ्या संमतीशिवाय मुलांना राज्याबाहेर नेणार नाही."

कणीक मळणारे माझे हात थांबले.

"नाना, तुम्ही आईला असा रूल का नाही केला?" इराने विचारलं. मराठीत.

"मनात फार होतं गं," नाना म्हणाले. "पण तुझी आई हट्टी. तिनं सही केली नसती."

मला रडू आलं आणि हसूही.

"मग लग्नानंतर काय झालं?" इरा.

मग दोघांनी मिळून मुजोर सरदारांचे किल्ले पाडले, ग्रॅनडाचं मुस्लिम राज्य घेतलं, सगळी सत्ता सिंहासनाकडे आणली. आणि त्यांच्याच हुकमाने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ज्यूंना देश सोडावा लागला, हे सांगताना नानांचा आवाज उतरला. मग ही राणी चांगली कशी, यावरून इरा त्यांच्याशी चक्क भांडली, तेही मराठीत.

प्रोजेक्ट केव्हाच संपला. शाळेतून आली की इरा स्वतःच फोन लावते. तिकडे नानांचा सकाळचा चहा झालेला असतो. घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी आता पुणंही म्हणत नाही आणि अप्पर हटही. त्या दोघांचं भांडण रंगतं आणि मध्ये अर्थ सांगायला मला कुणी हाक मारत नाही, तेवढा वेळ मी घरी असते.