सत्काराचं कुलूप

तुरुंगातून सुटून चावीवाला धाकट्या बहिणीकडे राहायला आला आणि इमारतीतल्या दारोदार नवी कुलपं लागली. गुन्हा एकच, मित्राच्या नादी लागून परक्याचं दार उघडलं होतं. पण लोकांची झोप उडाली ती उडालीच. सोसायटीच्या अध्यक्षांनी तर त्याला किल्ल्या-कुलपांचं काम कायमचं सोडायला लावलं.

तुरुंगाच्या आवारात गोल गोल पळायची सवय त्यानं बाहेरही सोडली नाही. सकाळी तो पळत निघाला की फिरायला आलेली माणसं आधी आपले खिसे चाचपायची. बहीण म्हणायची, "दादा, पळताना मागे वळून बघू नकोस रे. लोकांना वाटतं, पोलीस मागे लागलेत."

मग बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत तो पहिला आला आणि रातोरात "आपला माणूस" झाला. कुलपं बदलण्यात सगळ्यांत पुढे असलेल्या अध्यक्षांनीच सत्कार ठरवला. सभागृहात हार, खुर्च्या, माईक मांडून झाल्यावर त्यांनी दाराला भलंमोठं कुलूप ठोकलं. सत्कारमूर्ती कोण आहे, ते विसरून कसं चालेल! ऐन वेळी त्याच कुलपात किल्ली तुटली.

सगळ्यांच्या माना चावीवाल्याकडे वळल्या. अध्यक्ष लाडीगोडीनं म्हणाले, "बघा की जरा! तुमच्या तर हातचा मळ आहे हा."

चावीवाला खाली वाकला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यानं बुटाची नाडी आवळली.

"ते काम तुम्हीच सोडायला लावलंत, साहेब. आता मला फक्त पळता येतं."

तो पळत सुटला, आणि सत्काराला जमलेल्या झाडून सगळ्यांनी आपले खिसे चाचपले.