मळ्यातल्या मामांचा पुढचा दात

दुखऱ्या दाताला माणूस किती जीव लावू शकतो हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तो माणूस म्हणजे आमचे मळ्यातले मामा. त्या काळी साऱ्या वऱ्हाडात दात दुखला की उपटून टाकायची रीत होती. दात जागच्या जागी ठेवून त्याचं दुखणं तेवढं काढून घ्यायचं, आणि त्यासाठी अकोल्याहून अमरावतीच्या चार खेपा करायच्या, हा उद्योग आमच्या मामांनी केला.

मी तेव्हा अकोल्यात नवा शाळामास्तर होतो. माझं बिऱ्हाड मोर्णा नदीकाठच्या एका भाजीच्या मळ्याला लागून होतं आणि मळा मामांचा होता. माझे ते कोणीच नव्हते. सारी आळी त्यांना मामाजी म्हणे म्हणून मीही म्हणू लागलो. पन्नाशी गाठलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी सासरी. मळ्यात एकटेच राहत आणि दिवसभर वांग्यांशी बोलत. भाजी विकण्याची त्यांची तऱ्हा तर अशी, की गिऱ्हाइकाने कंटाळून दुसरीकडे जावं. कोवळी वांगी मागितली की आधी विचारत, "घरी रांधते कोन?" उत्तर मनासारखं आलं नाही तर टोपलीवर फडकं टाकून म्हणत, "तुमी भोपळा न्या. भोपळ्याचं काही बिघडत नाही." एकदा एका वकिलीणबाईंना त्यांनी भोपळा दिला आणि वकीलसाहेबांनी चार महिने या मळ्याची भाजी बंद केली. मामांना त्याचं काही वाटलं नाही.

अशा माणसाचा वरचा पुढचा दात दुखू लागला. ओठ सुजला. लवंग झाली, हिंग झाला, कोणी सांगितलं म्हणून रुईचा चीकही झाला. जो येई तो म्हणे, "उपटून टाका मामाजी, एका दातानं काय अडते?" मामा ओठ दाबून मान हलवत. शेवटी मी अमरावतीच्या एका दातांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. ते कलकत्त्याला शिकून आले होते आणि दात वाचवतात असं ऐकलं होतं. मामा त्याच क्षणी उठले. "मास्तर, रविवारी चाला."

डॉक्टरांनी दातावर बारीक हातोडी वाजवून पाहिली. मामा खुर्चीतून अर्धे वर आले.

"दात राहील," डॉक्टर म्हणाले. "दाताच्या मुळात एक नस असते, ती बिघडली आहे. ती काढू, पोकळी धुऊ आणि बुजवून टाकू. चार वेळा यावं लागेल."

मामा विचारात पडले. जन्मभर झाडं लावलेला माणूस तो. "म्हंजे झाड ठेवाचं अन् मुळातला जीव काढाचा? मंग झाड उभं कसं राहीन?"

"उभं राहील. फक्त त्याला आता पालवी फुटणार नाही."

"पालवी कोनाले पाह्यजे? उभं राह्यलं म्हंजे झालं."

पहिल्या खेपेला डॉक्टरांनी शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं एक यंत्र फिरवून दाताला मागून भोक पाडलं, आत नस मारायचं औषध ठेवलं आणि वर लवंगेच्या वासाचा लेप दाबला. दोन दिवस ठणकेल, मग शांत होईल, असं सांगितलं. अगदी तसंच झालं. दुसऱ्या खेपेला केसाएवढ्या तारेने त्यांनी ती नस ओढून काढली. मामांनी ती पाहायला मागितली. कापसावरच्या त्या तांबूस धाग्याकडे ते रागाने पाहत राहिले. "एवढुशी? येनं मले महिनाभर नाचोलं?"

त्या दिवशी परतताना बडनेरा सुटल्यावर डबा जरा रिकामा झाला. मी सहज विचारलं, "मामाजी, एवढी यातायात कशापायी? दात काढून टाकला असता तर एका दिवसात मोकळे झाला असता."

ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "मास्तर, कोठी बोलू नका. मले शिट्टी वाजवा लागते."

हळूहळू सारं बाहेर आलं. मुलगी कौसल्या, म्हणजे त्यांची कौसी, दोन वर्षांमागे तेल्हाऱ्याला दिलेली. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही ही रीत, आणि सासूचा दरारा मोठा. उगाच कशाला आलात असं विचारलं तर सांगायचं काय? म्हणून मामा तेल्हाऱ्याच्या बाजाराला रोपं विकायला म्हणून मोटारीने जात. बाजार उरकला की तिच्या घरामागच्या बोळात उभे राहत आणि दातामागे जीभ लावून शीळ घालत. लहानपणी कौसीला मळ्याच्या टोकावरून न्याहारीला बोलवायची तीच शीळ. ती काही निमित्त काढून मागल्या दारी येई.

"बोलनं नाही काही," मामा म्हणाले. "ते मले पाह्यते, मी तिले पाह्यतो. झालं. येतो मंग वापस."

"आणि दात गेला तर?"

"दातावर अंगठा दाबून वाजवून पाह्यलं न विहिरीमांगं. नुसता वारा निघते. आता दात दुखून राह्यला तवापासून गेलोच नाही. वाट पाह्यत असंन पोरगी."

मूर्तिजापूर आलं, गेलं.

तिसऱ्या खेपेला पोकळी धुऊन औषधाची वात घातली. चौथ्या खेपेला रबरासारखं काही गरम करून आत भरलं आणि दात बंद केला. मामांनी डॉक्टरांना वांग्यांची टोपली दिली. अर्थात आधी घरी कोण रांधतं ते विचारून. डॉक्टरांनी बजावलं, "या दाताने ऊस सोलू नका. आणि रंग थोडा काळपट होईल हं."

पुढच्या बाजाराला मामांनी मला बरोबर नेलं. बोळात उभे राहिले, पागोटं सारखं केलं. पहिली शीळ फुसकी निघाली. त्यांचा चेहरा उतरला. दुसरी मात्र अशी खणखणीत गेली की कौलांवरचे कावळे उडाले.

मागलं दार उघडलं. बाहेर आली ती सासू.

मामा माझ्यामागे सरकले. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इवाईबुवा, घराले पुढूनबी दरवाजा हाय. दोन वर्सांपासून तुमची शिट्टी आयकून राह्यली मी. मधात बंद झाली तं पोरगी धड जेवे नाही. मले वाटलं, मेले का काय बुवा तुमी! या आत."

पाणी काही मामांनी घेतलं नाही. ओसरीवर अवघडून बसले. कौसी दाराची चौकट धरून उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदाच बोलायला मोकळीक मिळाली होती आणि दोघांनाही काही सुचेना.

"वांगे कसे हायेत बाबा?"

"बरे हायेत."

तिने निरखून पाहिलं. "दात काहून काळा पडला?"

झालं, मामांना विषय सापडला. अमरावतीचा डॉक्टर, पायाचं यंत्र, दोन दिवसांचा ठणका, केसाएवढी तार, लवंगेचा वास, सारं त्यांनी सांगायला घेतलं. मी चारही खेपांना बरोबर होतो. पण तेल्हाऱ्याच्या त्या ओसरीवर चार खेपांच्या सात झाल्या, आणि एकेक खेप अशी सावकाश, की शेवटची मोटार सुटेल म्हणून मला खुणा कराव्या लागल्या. कौसी मधेमधे विचारी, "मंग? लय दुखलं का?" "थोडंसंक," ते म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. सासूबाई आत भाकरी थापत ऐकत होत्या. निघताना त्यांनी स्वतःची दाढ दाखवून डॉक्टरांचा पत्ता विचारला.

पुढचं वर्षभर मामांना शीळ घालावी लागली नाही. ते पुढच्या दाराने जात. मग जावयाला खांडव्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं आणि दोघांचं बिऱ्हाड तिकडे गेलं; सासूबाई तेल्हाऱ्यालाच राहिल्या. खांडवा लांब, मळा सोडून जाणार कसं? तेव्हापासून मामा पंधरा दिवसांनी माझ्याकडे पोस्टकार्ड घेऊन येत आणि मी लिही. भेंडी लागली, विहिरीचं पाणी उतरलं, सासूबाईंची दाढ बरी आहे, असला मजकूर. कार्ड अर्ध्यावर आलं की ते थांबत.

एकदा मी म्हटलं, "मामाजी, कार्ड अर्धं कोरं जातंय. आणखी काही लिहू?"

"राहू द्या," ते म्हणाले. "लिवलेलं जावई वाचून दाखोते. कोरं हाय तेवढं कौसी स्वताच पाह्यते."

त्यानंतर मी कधी विचारलं नाही. मामांना जाऊन आता खूप वर्षं झाली. अजूनही कोणाला पत्र लिहायला बसलो की खाली थोडी जागा सोडतो. पण ती कोरी जागा पाहील असं कोणी आठवत नाही.